अडथळा, नियम आणि कथा : अपंगांच्या क्रीडास्पर्धांचे नैतिक वाचन

१

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत भारतीय खेळाडूंनी २९ पदके मिळविली. २०१६ साली रिओ येथे ही संख्या ४ होती. टोकिओची लांबणीवर पडलेली स्पर्धा २०२१ साली पार पडली तेव्हा ती १९ झाली. आठ वर्षांतील ही वाढ विस्मयकारक आहे, आणि तिच्याबरोबर अपंग खेळाडूंविषयीच्या लेखनाचा, चित्रफितींचा व चरित्रपटांचा ओघही वाढला आहे. या यशामुळे अपंगत्वाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलते काय, आणि बदलत असल्यास ती कोणत्या दिशेने बदलते, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न क्रीडासमीक्षकांचा किंवा समाजकल्याण खात्याचा आहे, साहित्यसमीक्षेशी त्याचा संबंध काय, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. तथापि बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तो खेळ नसतो. खेळाडूची कथा असते. गोळाफेकीच्या कोणत्या गटात किती मीटरचे अंतर चांगले मानावे हे आपल्याला ठाऊक नसते. मात्र खेळाडूचा हात कोणत्या अपघातात गेला हे ठाऊक असते. ज्या अर्थी दृष्टी घडविण्याचे काम ही कथा करते, त्या अर्थी तिची रचना, तिच्यातील नायकत्व आणि तिच्यातील मौने तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे : उच्च दर्जाच्या अपंग-क्रीडेत दोन संहिता एकाच वेळी वावरत असतात. एक नायकाची कथा आणि दुसरी खेळाची नियमावली. या दोन संहितांची नैतिक शिकवण परस्परविरोधी आहे. समाज पहिली संहिता आवडीने वाचतो आणि दुसरी त्याला दिसतही नाही. समावेशनाचा खरा विचार मात्र दुसरीत आहे.

२

प्रथम कथेचा विचार करू. व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन लोककथांच्या बाबतीत दाखवून दिले की, पात्रे आणि तपशील बदलले तरी घटकांचा क्रम बदलत नाही. अपंग खेळाडूची कथाही अशीच क्रमबद्ध असते : आघात, अंधार, एखाद्या मार्गदर्शकाची भेट, निर्धार, कठोर साधना, विजय आणि शेवटी प्रेक्षकांच्या डोळ्यांतील पाणी. या क्रमात आघाताला कारण असते, ते म्हणजे गोळी, रेल्वे, विजेची तार किंवा जन्म. परंतु त्यानंतरच्या अडचणींना कारण नसते. शाळेत जाता का आले नाही, बसमध्ये चढता का आले नाही, प्रमाणपत्रासाठी हेलपाटे का घालावे लागले, हे प्रश्न कथेत येतात ते नायकाच्या सत्त्वपरीक्षेची सामग्री म्हणून. रोलाँ बार्थने मिथकाचे कार्य सांगताना म्हटले आहे की, मिथक इतिहासाचे रूपांतर निसर्गात करते. येथे नेमके तेच घडते. माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे निर्माण झालेला अडथळा पाऊस किंवा दुष्काळ यांच्यासारखा अकर्तृक होऊन बसतो.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ येथे जन्मलेले पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धेत ५० मीटर मुक्त जलतरणात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांच्या जीवनावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला. पदक आणि पद्मश्री यांच्यामधील ४६ वर्षे कथेत कशी येतात? ती नायकाच्या प्रतीक्षेची वर्षे म्हणून येतात. ती समाजाच्या विस्मरणाचीही वर्षे आहेत. पण विस्मरण हे कोणा एकाचे कृत्य नसल्याने कथेत त्याला पात्र म्हणून जागा मिळत नाही.

याच स्पर्धेसंबंधीची दुसरी एक गोष्ट आपल्या कथनांत क्वचितच येते. १९७२ ची ऑलिम्पिक स्पर्धा म्युनिकला झाली. मग पेटकर हायडेलबर्गला का पोहले? अपंगांच्या स्पर्धाही म्युनिकलाच व्हाव्यात असा विचार होता. परंतु तेथील क्रीडाग्रामातील घरांचे ऑलिम्पिकनंतर खाजगी सदनिकांत रूपांतर व्हायचे होते, आणि ती घरे तेवढे दिवस थांबू शकत नव्हती. १९६८ साली मेक्सिकोने स्पर्धा भरविण्याचे नाकारले म्हणून ती तेल अवीवला गेली. १९८० साली मॉस्कोऐवजी ती नेदरलंड्समधील आर्नहेमला भरली. दोन्ही स्पर्धांना एकच मैदाने मिळाली ती १९८८ साली सेऊल येथे, म्हणजे १९६० च्या रोममधील स्पर्धेनंतर बऱ्याच खंडाने. ज्या क्रीडामहोत्सवाकडे आपण समावेशनाचे प्रतीक म्हणून पाहतो, त्यालाच दीर्घकाळ दाराबाहेर थांबावे लागले होते. हा इतिहास खेळाडूंच्या जिद्दीचा म्हणून सांगता येत नाही, म्हणून तो सांगितलाच जात नाही.

आपल्या परंपरेत या कथेला पूर्वरूपे आहेत. महाभारतात अंधत्वामुळे ज्येष्ठ असूनही राज्याला मुकलेला धृतराष्ट्र आहे आणि जनकाच्या सभेत वादात विजयी होणारा, आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र आहे. एकाचे अंधत्व पुढे पुत्रमोहाचे रूपक होऊन बसले. दुसऱ्याची विद्वत्ता त्याच्या देहाची भरपाई ठरली. या दोन ध्रुवांच्या मधे, राज्यही न मागणाऱ्या आणि सभाही न जिंकणाऱ्या साध्या माणसाला जागा नाही. भक्तिपरंपरेत ईश्वरकृपेने पांगळा डोंगर ओलांडतो. आधुनिक कथेत कृपेची जागा जिद्दीने घेतली. डोंगर मात्र दोन्हीकडे तसाच राहतो, आणि त्यावर वाट बांधण्याचे कोणालाच सुचत नाही.

३

येथे एक तात्त्विक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करू पाहणे म्हणजे खेळ. चेंडू हाताने उचलून जाळ्यात टाकणे सोपे असते. तरीही फुटबॉलपटू हात वापरत नाही, कारण ते बंधन स्वीकारल्याखेरीज तो खेळच अस्तित्वात येत नाही. आपल्याकडील लंगडीचे उदाहरण घ्यावे. एक पाय दुमडून धावणे हा तेथे नियम आहे. दोन्ही पायांनी धावून गडी बाद करणे कितीतरी सोपे. पण मग ती लंगडी उरत नाही. आंधळी कोशिंबीर डोळे बांधल्यावाचून होत नाही. अंगणातल्या या खेळांत मर्यादा सर्वांनी मान्य केलेली असते, पाळीपाळीने सर्वांच्या वाट्याला येते आणि खेळ संपताच सुटते.

आता तहसील कार्यालयाच्या जिन्याकडे पाहू. वरच्या मजल्यावरील दाखला मिळविण्यासाठी तो जिना तत्त्वतः अनावश्यक आहे. खेळातील अडथळ्याशी त्याचे एवढेच साम्य. परंतु चाकाच्या खुर्चीवरील अर्जदाराने तो स्वेच्छेने स्वीकारलेला नाही, आणि जिना काढून टाकल्याने दाखला देण्याची क्रिया अशक्य होत नाही, उलट सुकर होते. असे असताना हातांवर भार देत तो जिना चढणाऱ्या माणसाचे छायाचित्र ‘जिद्दीला सलाम’ या शीर्षकाखाली छापले जाते, तेव्हा एक कोटिप्रमाद घडतो : अन्यायाचा अडथळा खेळाच्या अडथळ्यांच्या कोटीत टाकला जातो.

हा प्रमाद केवळ तार्किक नाही, त्याचे नैतिक परिणाम दूरगामी आहेत. खेळात अडथळा कमी केला की यशाचे मोल कमी होते. उंच उडीची दांडी खाली आणली तर उडीला अर्थ उरत नाही. साहजिकच, सार्वजनिक जीवनातील अडथळ्यांकडे आपण क्रीडेच्या चष्म्यातून पाहू लागलो की ते दूर करणे ही गुणवत्तेशी केलेली तडजोड वाटू लागते. परीक्षेत लेखनिक देणे, वाढीव वेळ देणे किंवा पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये उपलब्ध करणे यांना आपण आजही ‘सवलत’ म्हणतो, त्यामागे हीच धारणा आहे. सवलत देणारा उदार असतो आणि घेणारा उपकृत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकाचा हक्क मान्य करताना हा प्रश्न औदार्याचा नसून समानतेचा असल्याची भूमिका घेतली. लेखनिक घेणारा विद्यार्थी दांडी खाली आणत नसतो. ज्ञानाच्या परीक्षेत हस्तलेखनाची जी दुसरी, अनाहूत परीक्षा मिसळलेली असते, ती तो बाजूला काढत असतो.

एवंच, विजेत्या खेळाडूचे कौतुक आणि सुगम्यतेविषयीची अनास्था यांचे सहअस्तित्व हा निव्वळ ढोंगीपणा नव्हे. एका विशिष्ट वाचनपद्धतीतून ते निष्पन्न होते. ‘त्याला जमले, मग तुला का नाही?’ हा प्रश्न त्या वाचनाचा अंतिम निष्कर्ष असतो. स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन लेखिकेने, जी स्वतः चाकाची खुर्ची वापरत असे, इतरांना स्फूर्ती देण्यासाठी अपंग व्यक्तींना वस्तुरूप देण्याच्या या प्रवृत्तीवर २०१२ पासून कठोर टीका केली. कांटच्या परिभाषेत सांगायचे तर, येथे व्यक्ती साध्य न राहता इतरांच्या उमेदीचे साधन बनते.

४

आता दुसऱ्या संहितेकडे, नियमावलीकडे वळू. चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक कार्यक्षमतेनुसार १ पासून ४.५ पर्यंत गुण दिलेले असतात, आणि मैदानावरील ५ खेळाडूंच्या गुणांची बेरीज १४ पेक्षा अधिक होऊ नये असा नियम आहे. या साध्या अंकगणितात मोठा नैतिक आशय दडलेला आहे. सौम्य अपंगत्व असलेलेच खेळाडू निवडून संघ उभा करता येत नाही. ज्याच्या धडावर ताबा नाही असा खेळाडू संघाची गरज बनतो. त्याला दयेने सामावून घेतलेले नसते. त्याच्यावाचून इतरांनाही खेळता येत नाही.

अंध धावपटूबरोबर दोरीने बांधलेला सहधावक धावतो. अंतिम रेषा त्याने धावपटूच्या आधी ओलांडायची नसते. तथापि २०१२ पासून त्यालाही पदक मिळू लागले. विजय एकट्याचा असतो या आपल्या समजुतीला ही दोरी छेद देते. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूत घुंगरू असतात आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी शांत राहायचे असते. पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी हे सामने झाले तेव्हा हजारो माणसे चेंडूचा आवाज ऐकू जावा म्हणून गप्प बसली होती. त्यांतील कोणालाही आपण उपकार करीत आहोत असे वाटले नसावे; हा खेळ असाच पाहायचा असतो, एवढेच त्यांना कळले. सुगम्यतेची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही. येथे बदलतो तो ज्याला दिसते तो प्रेक्षक.

ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीने १९७६ साली जो विचार मांडला आणि मायकेल ऑलिव्हर यांनी ज्याला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले, तो हाच की देहातील उणीव आणि समाजाने लादलेले अपंगत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पॅरालिम्पिकची नियमावली हे या विचाराचे प्रात्यक्षिक आहे. तिथे देह तोच असतो. भोवतालची व्यवस्था बदललेली असते, आणि म्हणून तो देह समर्थ ठरतो.

अर्थात ही नियमावलीही निर्दोष नाही. वर्गीकरण म्हटले की तपासणी आली, आणि तपासणीबरोबर संशय आला. २००० साली सिडनी येथे बौद्धिक अपंगत्वाच्या गटात बास्केटबॉलचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या स्पेनच्या संघातील १२ पैकी १० खेळाडूंना तसे अपंगत्व नसल्याचे उघड झाले. परिणामी या गटातील स्पर्धाच थांबविल्या गेल्या आणि त्या पुन्हा सुरू झाल्या २०१२ साली. लबाडी धडधाकटांनी केली. बारा वर्षांची शिक्षा ज्यांनी ती केली नव्हती त्यांनी भोगली. बनावट अपंगत्व-प्रमाणपत्रांची चर्चा आपल्याकडे २०२४ साली रंगली तेव्हाही संशयाचा भार असाच खऱ्या अपंगांवर पडला. शिवाय पॅरालिम्पिकमध्ये दहा प्रकारचेच अपंगत्व पात्र मानले जाते, तर २०१६ च्या भारतीय कायद्यात एकवीस प्रकार आहेत. सिकलसेलग्रस्त, थॅलेसेमियाग्रस्त, मानसिक आजार असलेले यांच्यासाठी त्या मैदानात दालन नाही. बधिरांच्या जागतिक स्पर्धा १९२४ पासून वेगळ्या भरतात. अपंगत्वाचा चेहरा म्हणून आपण खेळाडूकडे पाहू लागलो की ज्यांचे अपंगत्व मोजता येत नाही किंवा दिसत नाही, ते दुसऱ्यांदा अदृश्य होतात.

५

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. नायकांशिवाय कोणत्याही वंचित समूहाचे भान जागे होत नाही. ज्या मुलाने आपल्यासारखा देह केवळ भिकेच्या किंवा करुणेच्या संदर्भात पाहिला आहे, त्याला तोच देह राष्ट्रध्वज हाती घेऊन चालताना दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्याबरोबर नांदेडच्या भाग्यश्री जाधव यांनी ध्वज धरला होता. सांगली जिल्ह्यातीलच सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. या प्रतिमांचे मोल नाकारणारी समीक्षा कोरडी म्हणावी लागेल. खेळाडूचे श्रम खरे असतात, त्याचा आनंद खरा असतो, आणि कोणाचे तरी प्रतीक होण्याची जबाबदारी त्याने घेतलेलीही नसते.

हा आक्षेप मान्य करूनही प्रश्न उरतो तो प्रतिमेच्या भाषेचा. लंडन येथील २०१२ च्या स्पर्धेच्या वेळी ब्रिटिश दूरचित्रवाणीने खेळाडूंना ‘अतिमानव’ म्हणून सादर केले. आपल्याकडे २०१५ च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आला आणि लवकरच शासकीय व्यवहारात रूढ झाला. ‘अपंग’ आणि ‘विकलांग’ या शब्दांतील उणिवेचा सूर टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु उणिवेकडून दिव्यत्वाकडे जाणारी ही झेप ज्याच्या डोक्यावरून जाते तो सामान्य माणूसच असतो. अतिमानवाला उतरण कशाला हवी? दिव्य देहाला शौचालयाचे रुंद दार कशाला हवे? हीनत्वाची भाषा हक्क नाकारते, आणि दिव्यत्वाची भाषा हक्काची गरजच नाकारते. म्हणून मी या निबंधात जुनाच शब्द वापरला आहे. तो सुंदर नाही, पण त्यात कोणाचे तरी काही देणे बाकी असल्याची जाणीव शिल्लक आहे.

या भाषेची मर्यादा एका घटनेने उघडी पाडली. टॅनी ग्रे-थॉम्प्सन या ब्रिटिश खेळाडूने पॅरालिम्पिकमध्ये ११ सुवर्णपदके मिळविली आहेत आणि त्या तेथील उमरावसभेच्या सदस्य आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या स्पर्धेसाठी निघाल्या असताना, लंडनच्या स्थानकावर मदतीला कोणीही न आल्याने त्यांना आगगाडीतून सरपटत खाली उतरावे लागले. एकाच देशाने, एकाच देहाला, एका ठिकाणी अतिमानव म्हटले आणि दुसऱ्या ठिकाणी जमिनीवर आणले. फरक त्यांच्या निर्धारात नव्हता, एका उतरत्या फळीत होता. ज्या पॅरिसला त्या निघाल्या होत्या, तेथील मेट्रोचीही एकच मार्गिका, १९९८ साली सुरू झालेली चौदावी, चाकाच्या खुर्चीसाठी पूर्णतः सुगम होती.

६

भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अंशतः दिले आहे. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा कायदा आला. सुगम्य भारत अभियान २०१५ साली सुरू झाले. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, सुगम्यतेची मानके शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. त्यांचा किमान भाग सक्तीचा असला पाहिजे. वरील विवेचनाच्या परिभाषेत असे म्हणता येईल की, न्यायालयाने कथेकडून नियमावलीकडे वळण्यास सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात न्यायालयाने चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणाचा विचार केला आणि अपंगांना हिणविणारा विनोद व अपंगत्वाच्या अनुभवाचा उलगडा करणारा विनोद यांत भेद केला. हा भेद मूलतः समीक्षेचा आहे. तो न्यायालयाला करावा लागला ही गोष्ट आपण समीक्षकांनी मनावर घ्यावी अशी आहे.

कारण मराठी समीक्षेने दलित व स्त्रीवादी साहित्याच्या निमित्ताने ‘कोण कोणाची कथा सांगतो’ हा प्रश्न विचारायला शिकविले. अपंगत्वाच्या बाबतीत तो क्वचितच विचारला गेला. आपण आजही ‘लंगडा युक्तिवाद’, ‘पंगू आशय’, ‘आंधळे अनुकरण’ असे शब्दप्रयोग निर्धास्तपणे करतो. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली दाखवून दिले की, साहित्यकृती अपंगत्वाचा वापर कुबडीसारखा करतात. कथानकाचा तोल सावरण्यासाठी अपंग पात्र आणले जाते आणि काम झाले की त्याला बरे केले जाते किंवा मारले जाते. या कसोटीवर आपल्या कथा-कादंबऱ्यांची झडती घेणे बाकी आहे. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे ‘चाकाची खुर्ची’ हे नाव या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. त्यात इच्छाशक्तीला नव्हे, एका साधनाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. म्हणजे जे कोणीतरी बनवावे लागते, विकत घ्यावे लागते आणि ज्याच्यासाठी वाट सपाट करावी लागते, त्याला.

पदकविजेत्याची कथा वाईट नाही. ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण ती लपविते. तिचे जबाबदार वाचन करणे म्हणजे प्रत्येक विजयाच्या वेळी त्यामागची व्यवस्था विचारणे : हा तरण तलाव कोणी बांधला, त्यात उतरण्याची सोय कोणी केली, सहधावक कोणी पुरविला, आणि ज्याला स्पर्धेत उतरायचे नाही, केवळ बँकेत किंवा वाचनालयात जायचे आहे, त्याच्या वाट्याला यातले काय आले? २०११ च्या जनगणनेत भारतातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांतील फार थोडे जण कधी पदक मिळवतील. उरलेल्यांना आपल्या आयुष्यात नायक व्हावे लागू नये, हे ज्या समाजाला साधेल त्यालाच समावेशक म्हणता येईल.